फालेनाचं झाकण

फालेना ही जगातली सर्वांत निरुपयोगी गाडी आहे, असं माझं लहानपणापासूनचं मत. तेव्हा मी तिला पाहिलेलंही नव्हतं. पण जिच्यात दोनच माणसं बसतात, सामानाला जागा नाही, तिसऱ्या माणसाला तर नाहीच, आणि जिची एक प्रत निघाली ती निघाली, दुसरी कुणी मागितली नाही, अशा गाडीपायी माझे अप्पा आम्हाला सोडून इटलीला गेले, एवढं कळल्यावर मत व्हायला वेळ लागत नाही.

आता तीच गाडी तुरिनमधल्या आमच्या कंपनीच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये चार टेकूंवर उभी होती आणि तिची दुरुस्ती माझ्या गळ्यात पडली होती. फालेना म्हणजे इटालियनमध्ये पतंग, दिव्यावर येतो तो. नाव शोभणारं होतं, कारण तिच्या मागच्या बाजूचं झाकण मधोमध दुभंगून दोन पंखांसारखं उघडायचं आणि त्याखाली इंजिन दिसायचं. तिचं इंजिन पुढे नाही आणि अगदी मागेही नाही. ते चालकाच्या पाठीला लागून, मागच्या चाकांच्या अलीकडे बसवलेलं आहे. काठीच्या दोन टोकांना ओझी बांधली तर ती फिरवताना मनगट दुखतं, तीच ओझी मध्यावर बांधली की काठी चटकन फिरते. या गाडीचंही तसंच. वळणावर ती अशी वळायची म्हणे की बसणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. पण शहरात स्वतःच्या हातांनी गाडी चालवण्यावर बंदी आल्यालाही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे वळणार कुठे हा प्रश्नच होता. एका धनिक संग्राहकाने ती आपल्या प्रदर्शनासाठी घेतली, आणि ट्रकमधून उतरवताना कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे झाकणाचा डावा पंख चेपला.

ते झाकण अप्पांनी घडवलेलं होतं.

अप्पा, म्हणजे मुकुंद लांजेकर, पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतले. पिढ्यान् पिढ्या तांब्याचे बंब आणि हंडे ठोकणारं घर. एका इटालियन डिझायनरने आळीत हिंडताना त्यांचं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठशांनी भांडं सजवण्याचं काम पाहिलं. तिकडचे हाताने पत्रा घडवणारे कारागीर म्हातारे होत चालले होते. दोन वर्षांसाठी येतोस का, असं त्याने विचारलं आणि अप्पा गेले. मी तेव्हा इतकी लहान होते की ते गेल्याचं मला आठवत नाही, नसल्याचं मात्र सगळं आठवतं. फालेना पूर्ण झाली, प्रदर्शनात फिरत्या चौथऱ्यावर झळकली, आणि ती बनवणारी कंपनी बुडाली. अप्पा इकडेतिकडे कामं करत राहिले. आज येतो, पुढच्या वर्षी येतो, असं चाललं होतं. मग तुरिनच्या एका हिवाळ्यात निमोनिया झाला आणि ते तिथेच गेले.

फोन करायचे. पण तो फोन म्हणजे काय, 'सगळं ठीक ना? हर्षदा शाळेत जाते ना? बरं, ठेवतो.' आई फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघायची. या माणसाला घर राहिलंच नाही, असं तिने पक्कं ठरवून टाकलं होतं. तिथे कोणीतरी असेल, असंही एकदा शेजारणीला म्हणताना मी ऐकलं होतं. पुढे मी धातुशास्त्र शिकले आणि नेमकी तुरिनलाच येऊन राहिले. का, ते आईने कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. आता पन्नाशी जवळ आली आहे. रोज संध्याकाळी स्वयंचलित गाडी मला घरी सोडते आणि 'आजचा दिवस कसा गेला, हर्षदा?' असं गोड आवाजात विचारते. इतकं आपुलकीने विचारणारं दुसरं कोणी नाही, म्हणून मी तिलाही उत्तर देते.

माझं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वरून गुळगुळीत दिसतो, पण आत असंख्य बारीक स्फटिक असतात आणि त्यांत अणूंच्या ओळी लागलेल्या असतात. हातोडीचा घाव बसला की त्या ओळी घसरतात आणि एकमेकींत अडकून बसतात. वरचा ठसा घासून पुसून टाकता येतो, आतली ती कोंडी तशीच राहते. दहाएक वर्षांपूर्वी क्ष-किरणांनी ही कोंडी बाहेरून वाचण्याची रीत सापडली. घाव किती जोराचा होता, कोणत्या बाजूने आला, हे त्यात दिसतं. दुसरा घाव पहिल्याची कोंडी थोडी विसकटतो, त्यामुळे आधी कुठला आणि नंतर कुठला तेही कळतं. आणि ताज्या घावाची कोंडी हळूहळू थोडी सैलावत असल्यामुळे दोन घावांमध्ये किती वेळ गेला असेल याचा अंदाजही बांधता येतो. हे सगळं एकत्र केलं की एका माणसाची घडवण्याची पद्धत जशीच्या तशी हाती येते. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'हात' म्हणतात. तो हात यंत्राच्या बाहूला शिकवला की बाहू त्या माणसासारखा ठोकू लागतो. तलवारी घडवणाऱ्या एका दिवंगत जपानी कारागिराचा हात सध्या तीन कारखान्यांत पाळ्या करतो, असं ऐकलं आहे. त्या बिचाऱ्याला मेल्यावरही सुट्टी नाही.

चेपलेलं झाकण सरळ करायचं तर ते तापवून मऊ करावं लागणार होतं. तापवलं की अणूंच्या ओळी पुन्हा नीट लागतात आणि आतला सगळा मजकूर कायमचा पुसला जातो. म्हणून आधी झाकण वाचायचं, त्यातून अप्पांचा हात काढायचा, मग तापवायचं आणि त्याच हाताकडून पुन्हा घडवून घ्यायचं, असं ठरलं. आमच्या शेडचा मुख्य सिल्व्हानो, साठीचा, मिशा पिळणारा, मनाने चांगला माणूस. झाकण कुणाचं ते त्याला ठाऊक होतं. "तुझं हे काम तूच कर," म्हणाला.

हात शिकवून झाल्यावर आम्ही बाहूची चाचणी एका टाकाऊ पत्र्यावर घेतली. त्याने हातोडी उचलली आणि काम सुरू केलं. मी कधी अप्पांना काम करताना जवळून पाहिल्याचं आठवत नाही. तरी त्या यंत्राचा घाव थोडा तिरका पडायचा आणि दर चार-पाच घावांनी ते जरासं थबकायचं, ते पाहताना मी आणखी जवळ सरकले. मध्येच सिल्व्हानोच्या हातून पाना निसटून पत्र्यावर आदळला. लगेच बाहूने हातोडी खाली टेकवली आणि तो गप्प झाला.

"घाबरू नकोस," सिल्व्हानो म्हणाला. "पत्र्यात आपल्या घावाखेरीज दुसरा हादरा जाणवला की तो थांबतो. कुणाचा हात मध्ये आला असेल तर चिरडू नये म्हणून."

पुन्हा चालू केलं. संध्याकाळच्या सुमारास वळण पूर्ण झालं. आता बाहू हातोडी ठेवणार, तेवढ्यात तो पत्र्याच्या कडेला गेला, जिथे काही घडवायचं नव्हतं, आणि त्याने ठोकलं. दोन सावकाश. तीन भरभर. मग एक अगदी हलका, टेकवल्यासारखा.

मग हातोडी हवेत धरून तो तसाच उभा राहिला. बराच वेळ. मग पुन्हा तेच, दोन, तीन आणि एक, पण पहिल्यापेक्षा हळू. पुन्हा थांबला.

"बिघाड दिसतोय," सिल्व्हानो मिशीला हात लावत म्हणाला.

मी खुर्चीत बसले. तो बिघाड नव्हता.

तांबट आळीत दिवसभर इतका गलका असायचा की हाका मारून उपयोग नसायचा. खाली कामाची जागा, वर स्वयंपाकघर. काम आवरलं की पुरुषमाणूस रिकाम्या ऐरणीवर आपल्या घरची खूण ठोकायचा. प्रत्येक घराची खूण वेगळी. एवढ्या ठणठणाटातून बायका आपापली खूण बरोबर उचलायच्या. आमच्या घरची खूण होती दोन सावकाश, तीन भरभर आणि एक हलका. अर्थ एवढाच, की ताट वाढ, आलो. वरून आई पळीने पातेल्याच्या काठावर दोनदा वाजवायची. वाढलंय, या. ते ऐकल्याशिवाय अप्पा हातोडी खाली ठेवत नसत. हे मला आठवतं असं नाही. आईने लहानपणी सांगितलेलं, तिचा राग अजून कडक व्हायच्या आधी.

मी झाकणाचं वाचन पुन्हा उघडलं. डाव्या पंखाच्या कडेची पट्टी, जी शेवटी आत दुमडून बिजागरीखाली लपते, तिच्यावर त्या सहा घावांच्या रांगाच रांगा होत्या. रोजच्या कामाच्या शेवटी एक खूण, मग थांबणं, मग पुन्हा तीच, जरा हळू, आणि मग पुन्हा थांबणं. झाकण पूर्ण होईपर्यंत एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नव्हती. त्या माणसाने परक्या मुलखात, ज्यांना कुणालाच त्याचा अर्थ कळणार नव्हता अशा लोकांच्या मध्ये उभं राहून, रोज ताट वाढायला सांगितलं होतं. आणि उत्तर येतं का, याची रोज वाट बघितली होती.

सिल्व्हानोला मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हर्षदा, मला वाईट वाटतं. पण हा हात आपली कंपनी पुढे वापरणार आहे. एकेकच गाडी बनवून घेणारे शौकीन रांगेत आहेत. प्रत्येक पत्र्याच्या शेवटी बाहू असा ठोकत उभा राहिला तर कसं चालेल? घडवण्याशी संबंध नसलेले घाव पुसायचे, हा नियमच आहे."

"झाकण तापवल्यावर मूळ खुणा जाणार. हातातूनही पुसल्या तर त्या कुठल्याच पत्र्यावर राहणार नाहीत."

"कळतं मला."

"निदान हे झाकण तरी त्यांच्या पूर्ण हाताने होऊ दे. मग पूस."

त्याने मान डोलावली. "झाकण होईपर्यंत," म्हणाला. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

घरी येताना गाडीने दिवस कसा गेला ते विचारलं आणि मी पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला फोन लावला. ती आता पुण्यातच, आंबेगावला एकटी राहते. ऐंशीच्या घरात आहे, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून. मी तिला काहीच न सांगता चाचणीच्या वेळी नोंदलेला तो आवाज ऐकवला.



"कुठून आणलंस हे?" आई म्हणाली.

मी सांगितलं. पत्र्याबद्दल, कडेच्या पट्टीबद्दल, वाट पाहण्याबद्दल. मला वाटलं ती रडेल. मी तिच्या रडण्याची तयारी करूनच बसले होते.

"फोन होता की हातात," आई म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो रागाने. "दर आठवड्याला फोन करायचे. त्याच्यावर एक शब्द बोलायचं सोडून पत्र्याला सांगत बसले! पत्रा वाढणार होता का ताट? मी इथे काय समजायचं? अगं, मी किती वर्षं कान लावून बसले होते."

"आई..."

"जमत नव्हतं बोलायला तर तसं सांगायचं. नाहीतर फोनवर ठोकायचं होतं. मला कळलं असतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण मला कळलं असतं." आणि तिने फोन ठेवून दिला.

तिचं बरोबर होतं. मला अप्पांची दया येत होती आणि तिचाही राग पटत होता. दोन्ही एकाच वेळी पोटात घेऊन मी कामाला गेले. दोन माणसं आपापल्या टोकाला कान लावून बसली होती आणि मधल्या फोनवर दोघंही 'सगळं ठीक' म्हणत होती.

झाकण तापवायचं काम मी कुणाला दिलं नाही. अ‍ॅल्युमिनियम फसवं असतं. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळून खाली गळतं. इथे आल्यावर अप्पांनी पहिला पत्रा असाच घालवला होता, लाल व्हायची वाट बघत. तेवढी एकच गोष्ट त्यांनी फोनवर हसून सांगितली होती. इकडचे कारागीर पत्र्यावर साबण घासतात, तो काळपटला की आच पुरे. मीही साबण घासला आणि तो हळूहळू काळा पडताना बघत राहिले. आतल्या ओळी नीट लागत होत्या, अप्पांचं सगळं लिहिलेलं जात होतं. साबणाच्या वासात मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग बाहूने काम सुरू केलं. चेपलेला पंख हळूहळू फुगत, वळत गेला. इंजिनाची उष्णता बाहेर पडावी म्हणून असलेल्या झडपा एकेक करून उचलल्या गेल्या. आईला मी सकाळी एवढाच निरोप पाठवला होता, की आज झाकण पूर्ण होईल, संध्याकाळी इकडे पाच वाजता ते शेवटचं ठोकतील. 'यंत्र ठोकेल' असं लिहायचं होतं, पण तसं लिहिलं गेलं नाही. तिचं उत्तर आलं नाही.

पाचच्या सुमारास माझा फोन वाजला. तुरिनला पाच वाजले की पुण्यात जेवणाची वेळ असते.

"झालं का?" आईने विचारलं. बाकी काही नाही.

"होत आलंय."

"मग मला नीट ऐकू येईल असं ठेव."

मी फोन पत्र्याच्या कडेला टेकवून ठेवला, म्हणजे आवाज तिला थेट जाईल. सिल्व्हानो मागे येऊन उभा राहिला होता. बाहूने शेवटची झडप सारखी केली. मग तो कडेकडे वळला. दोन सावकाश, तीन भरभर, एक हलका. आणि हातोडी हवेत धरून तो थांबला.

 फोनमधून आईचा श्वास ऐकू येत होता.

मग फोनमधून आवाज आला. पळी पातेल्याच्या काठावर आपटल्याचा, दोनदा. एवढा खणखणीत, की पत्रा त्याने कणभर थरथरला.

बाहूने हातोडी खाली टेकवली.

पत्र्यात परका हादरा जाणवला की थांबायचं, असा तो नियम होता. मला ते माहीत होतं, सिल्व्हानोलाही माहीत होतं. तरी तो मिशीवरचा हात काढून तसाच उभा राहिला आणि मी टेबलाची कड घट्ट धरली.

"ठेवली का हातोडी?" आईने विचारलं.

"ठेवली."

"वाढलंय खरंच. नुसतं वाजवलं नाही मी. वरणभात आहे, वांग्याची भाजी आहे."

"कोण जेवणार, आई?"

"मीच जेवीन. ताट टाकायचं का मग?"

सिल्व्हानोने हळूच माझ्या खांद्याला हात लावला आणि यंत्राच्या पडद्याकडे बोट करून इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. आईचे कान तीक्ष्णच. "काय म्हणतोय तो माणूस?"

"ती खूण यंत्रातून पुसायची आहे, आई. कंपनीला नको आहे. नाही म्हणू का? भांडून बघते मी." मी खरंच भांडले असते. नोकरी गेली असती तरी चाललं असतं.

 पाट सरकवल्याचा आवाज आला. ती खाली बसत असावी, गुडघ्यांवर हात ठेवून, एकेक करत.

"पुसू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाट बघत उभे राहिले, पुरे झालं. आता कुठल्या कुठल्या श्रीमंतांच्या गाड्यांपुढे त्यांना तसं उभं करू नकोस. ताट वाढलंय म्हटल्यावर परत परत कशाला हाक मारायची?"

मी स्वतःच बटण दाबलं. अप्पांच्या हातातून ती खूण गेली. झाकणाच्या कडेवर त्या सहा घावांची एकच ओळ राहिली, ती पट्टी मी आत दुमडली आणि वर बिजागरी बसवली. दुसरी फालेना नाही, त्यामुळे ती ओळही जगात तेवढीच आहे.

फोन चालूच होता. पलीकडे आई जेवत होती. मी डब्यातलं माझं जेवण रोज उभ्यानेच संपवते. त्या दिवशी खुर्ची ओढून घेतली, डबा उघडला आणि तिचं जेवण होईपर्यंत तिच्याबरोबर सावकाश जेवत राहिले.